मार्गदर्शक म्हणून ज्यांचं नाव नव्हतं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला नव्या मॅडम आल्या. त्या गोंदियाहून रोज एसटीने यायच्या. बसला उशीर झाला की वर्गात शिरता शिरताच शिकवायला लागायच्या, खांद्यावरची पर्स काढायचंही त्यांना सुचत नसे. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्याचाच पगार, तोही अनुदान येईल तेव्हा. उन्हाळ्यात काहीच नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी सगळे सर आणि सगळ्या मॅडम सारख्याच होत्या.

विभागात कायम नोकरीवर एकच सर उरले होते. निवृत्तीला आलेले, गुडघेदुखीने हैराण, पण स्वभावाने भले. प्रॅक्टिकलच्या आधी मायक्रोस्कोपच्या काचा ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

एक दिवस तास संपल्यावर मॅडमनी मला आणि माझ्या मैत्रिणीला थांबवलं. मैत्रीण चिचगडकडची, घरी गोंडी बोलणारी, मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात ती फारशी बोलत नसे, पण बोलली की सरळ बोलायची.

"तुम्ही दोघी माझ्यासोबत तलावावर येता का?" मॅडमनी विचारलं.

"कायले?" मैत्रीण म्हणाली.

"संशोधन करायला."

आम्ही दोघीही हसलो. संशोधन म्हणजे पांढरा कोट, मोठं शहर, परदेश. आमच्या प्रयोगशाळेत तर नळाला पाणी आलं तरी आनंद व्हायचा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल काढून दाखवला. पदवीच्या मुलांनी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली छोटं संशोधन करावं म्हणून निधी देणारी एक योजना होती. येताना बसमध्ये त्यांनी ती वाचली होती.

"मोठ्या शहरातल्या मुलांनाच मिळतं असं कुठं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी दोनदा वाचून बघितलं."

विषय त्यांनीच सुचवला, आमच्या गावचा तलाव. गोरेगावच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथला तलाव आमच्याच लोकांनी पिढ्यांमागे बांधलेला. धानाला पाणी त्याचंच. त्याच्या काठाने बेशरम माजली होती. जांभळट फुलांची, पोकळ दांड्यांची ही झुडपं तोडली तरी पुन्हा येतात, शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तिला बेशरम म्हणतात. ती वाढली तशी तलावातली कमळं, कुमुदं, आपोआप उगवणारं देवधान कमी होत गेलं, असं म्हातारी माणसं सांगायची. मॅडमना ते मोजून बघायचं होतं. बेशरम असलेल्या काठाला काय उगवतं, आणि ती काढून टाकलेल्या काठाला काय उगवतं.

प्रस्ताव आम्ही दुपारच्या सुट्टीत लिहिला. मॅडमचा डबा उघडा असायचा, एका हाताने त्या पोळी खायच्या आणि दुसऱ्या हाताने आमची वाक्यं खोडायच्या. "मराठीत आधी नीट सांग, मग इंग्रजीत लिहू," असं मला म्हणायच्या. मला प्रश्न विचारता येतो, हे मला त्या दिवसांत कळलं. तोवर मी फक्त उत्तरं पाठ केली होती.

शेवटच्या पानावर मार्गदर्शकाचं नाव लिहायचं होतं. तिथे आल्यावर मॅडमनी नियमावली पुन्हा उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मार्गदर्शक कायम नियुक्तीवरचा प्राध्यापक असावा, असं त्यात होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"सर आहेत ना."

त्या उठून सरांच्या टेबलाशी गेल्या. सरांनी चष्मा लावून सगळा प्रस्ताव वाचला. त्यांना तो आवडला हे चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि संकोच वाटत होता हेही.

"मॅडम, हे सगळं तुमचं आहे. माझं नाव टाकायचं म्हणजे..."

"सर, नावाचं काय घेऊन बसलात. निधी यायला पाहिजे. पोरींना करायला मिळायला पाहिजे."

सरांनी सही केली. पेन खाली ठेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमची जागा निघेल. मग तुमच्याच नावाने करू."

मॅडम "हो सर" म्हणाल्या. त्यांचा त्यावर विश्वास होता की नाही, मी सांगू शकत नाही. पीएच.डी. झालेल्या, सेट झालेल्या, आणि तोवर कितीतरी कॉलेजांच्या मुलाखती देऊन आलेल्या बाईने अशा वेळी दुसरं काय म्हणावं?

दिवाळीच्या सुमारास निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. आमच्या कॉलेजात पदवीच्या मुलांना असा निधी पहिल्यांदाच मिळत होता. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून पेढा दिला. सरांचं अभिनंदन झालं, तेव्हा मॅडम आमच्या मागे दाराशी उभ्या होत्या.

त्या पैशातून पाणी तपासायची पेटी आली. गोरेगावच्या बाजारातून आम्ही गमबूट घेतले. प्लास्टिकच्या नळ्या कापून मॅडमनी एक चौकट बनवली. ती काठावर ठेवायची आणि तिच्या आत जे जे उगवलंय ते मोजायचं. धान कापून झाले होते, तलावाचं पाणी थोडं मागे सरलं होतं. रविवारी मॅडम गोंदियाहून पहिल्या बसने यायच्या. सुट्टीच्या दिवसाचे त्यांना पैसे मिळत नव्हते, हे मला फार उशिरा समजलं.

माझे बाबूजी पहिल्या रविवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "मॅडम, बेशरम कायले मोजून राहिल्या? ते उपटून फेकाचं असते."

"फेकू ना बाबूजी. आधी मोजू, मग एक बाजू उपटू, मग पुन्हा मोजू."

"अन् मोजून काय होईल?"

"लोकांना दाखवता येईल."

बाबूजी घराकडे वळले. पण पुढच्या रविवारी कुदळ घेऊन आले, गावातल्या चार माणसांना सोबत घेऊन आले, आणि तलावाची एक बाजू त्यांनी मुळासकट साफ करून दिली. मॅडमना आईने जेवायला बसवलं. त्या आमच्या चुलीपाशी पाटावर बसून जेवल्या आणि आईशी आमच्या पोवारी बोलीत दोन-चार वाक्यं बोलल्या. सासरी गोंदियाला सगळं हिंदी चालायचं, पण शेजारणीकडून त्या हे शिकल्या होत्या. आई आठवडाभर तेच सांगत होती.

थंडी वाढत गेली तसं मॅडमचं वाकणं कमी झालं. एका रविवारी काठावर वाकता वाकता त्या थांबल्या आणि खाली बसल्या. मैत्रिणीने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या घरी लहान बहिणी होत्या, तिला लगेच कळलं.

"मॅडम, तुम्ही पोटूशी आहात. काऊन पान्यात येता?"

मॅडम लाजल्या. "डॉक्टरनी चालायला सांगितलंय," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, आम्ही काही न विचारताच बोलल्या. घरी सासूबाईंना हे पसंत नव्हतं. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यांचं म्हणणं होतं की कॉलेज सोड, दुकानात बस, घराजवळ राहशील. "मी त्यांना म्हटलं, एवढा प्रोजेक्ट होऊ दे." बाळंतपणाची रजा तासिकेवरच्या लोकांना नसते, हेही त्यांनी सांगितलं. रजा म्हणजे तास बंद. ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हाला हवामान सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर पाण्यात आम्ही दोघीच उतरायचो. मॅडम पाळीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि आम्ही ओरडून सांगितलेलं लिहून घ्यायच्या. साफ केलेल्या बाजूला पाण्याखाली बारीक गवत दिसू लागलं, मग एक दिवस कुमुदाची गोल पानं. मैत्रीण गुडघाभर पाण्यात उभी राहून ती दोन्ही हातांनी उचलून दाखवत होती आणि मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. मला तेव्हा वाटलं, चार पानं बघून रडण्यासारखं काय आहे.

सातव्या महिन्यात त्या माहेरी तुमसरला गेल्या. तास दुसऱ्या मॅडमना दिले गेले. त्याही बिचाऱ्या तासिकेवरच्याच.

निधी घेतलेल्या सगळ्या मुलांनी आपलं काम पोस्टरवर मांडायचं होतं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या कॉलेजात. पोस्टर आम्ही मोबाइलवरून मॅडमना पाठवायचो, त्या आवाज रेकॉर्ड करून उत्तरं पाठवायच्या. मागे कोणाचं तरी बोलणं, भांडी, टीव्ही, आणि मध्ये मॅडमचा आवाज, "आलेखाची अक्षरं मोठी करा. लांबून वाचता आली पाहिजेत." पोस्टरवर आमची नावं आणि मार्गदर्शकाचं नाव, एवढीच जागा होती. आम्ही सरांकडे गेलो.

"मॅडमचं नाव तुमच्या नावाखाली टाकतो," मी म्हटलं.

"तसं चालत नाही. मंजुरीत ज्याचं नाव, त्याचंच. आभारात टाका ना."

मैत्रीण म्हणाली, "सर, आभार बाहेरच्या मानसाचे मानतात. मॅडम बाहेरच्या हायेत का?"

सरांनी मंजुरीचं पत्र फाइलमध्ये परत ठेवलं. "नियम मी नाही केला, बेटा," एवढंच म्हणाले. आभारात नाव टाकलं. छापून आल्यावर ते एवढं बारीक आलं होतं की जवळ जाऊनही नीट वाचता येईना.

त्या कॉलेजात मोठा हॉल होता. आमच्या शेजारी शहरातल्या मुलांची यंत्रं, तारा, पडदे. आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या वेण्या घालून उभ्या. परीक्षकांमधल्या एक वयस्क बाई आमच्यापाशी थांबल्या. पुष्कळ प्रश्न विचारले. एकाच बाजूची बेशरम का काढली, दोन्ही का नाही, हे विचारल्यावर मैत्रिणीने न अडखळता सांगितलं. तुलना करायला एक बाजू तशीच ठेवावी लागते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

सर आमच्या मागेच उभे होते. मी सरांचं नाव घेणार होते, तसं ठरलंही होतं. मैत्रिणीने मॅडमचं नाव सांगितलं.

बाईंनी पोस्टरवर बघितलं. "हे नाव इथे नाही."

"नाही," मैत्रीण म्हणाली.

"मग त्या कुठे आहेत?"

"त्यांची डिलिव्हरी झाली. परवा."

आजूबाजूची दोन-तीन मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांकडे बघितलं, सरांनी मान खाली घातली. बाई पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. फोटोत मध्ये सर उभे आहेत, हातात ढाल आहे, आणि त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या माणसाचा नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतः तो फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "अभिनंदन सर", आणि पुढे जोडलेले हात. सरांनी मोबाइल खिशात टाकला.

जूनमध्ये मुलाखतींच्या दिवशी मॅडम बाळाला घेऊन आल्या. मुलगी होती, गोरीपान, जावळ भरपूर. त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी कॉरिडॉरच्या बाकावर तिला मांडीवर घेऊन बसले. मैत्रीण तिला वारा घालत होती. पोरगी झोपली होती, मुठी घट्ट मिटून. मुलाखतीच्या खोलीचं दार बंद होतं. मला खात्री होती. बक्षीस आणलं होतं, पेपरात बातमी आली होती, कॉलेजच्या फाटकावर आमच्या फोटोचा बॅनर लागला होता. त्यांना नाही घेणार तर कोणाला घेणार?

त्या लवकरच बाहेर आल्या.

"झालं?" मी विचारलं.

"झालं." त्यांनी बाळ घेतलं, दुपटं सारखं केलं. "मागच्या वर्षी सत्र अर्धवट सोडलं म्हणाले. ज्यांनी पूर्ण केलं त्यांना आधी घेतात."

"पण तुम्ही सोडलं कुठं? तुम्ही तर..."

"त्यांचंही बरोबर आहे. त्या मॅडमनाही घर आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोघींनी एम.एस्सी. करायची. ऐकलं ना? घरी कोणी नाही म्हणालं तर मला फोन करायचा."

बाळ जागं झालं आणि रडू लागलं. त्याला दूध पाजायला आमच्या कॉलेजात आडोसा नव्हता. आम्ही त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि दाराशी उभ्या राहिलो. त्या आमच्या नेहमीच्या टेबलापाशी, पाठमोऱ्या बसल्या होत्या. खांदे हलत होते. मैत्रिणीने हळूच दार लोटून घेतलं.

त्याच पावसाळ्यात निधी देणाऱ्यांकडून कळलं की काम चांगलं झालंय, आणखी एक वर्ष वाढवून मिळेल. आम्ही धावत सरांकडे गेलो. सर ऑक्टोबरमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं, भरती बंद होती. विभागात कायम नोकरीवर आता कोणीच राहणार नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, "सर, पैसे हायेत. तलाव हाय. आमी हावोत. मॅडम बी बोलावलं तर येतील. मंग नाही काय?"

"पद नाही," सर म्हणाले.

त्यांनी नकाराचं पत्र आमच्यासमोरच लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. निरोप समारंभात त्यांना शाल दिली, तेव्हा भाषणात त्यांनी मॅडमचा उल्लेख केला, नाव घेऊन, सविस्तर. व्यासपीठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना बोलावलेलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात सर गेले, झोपेतच. आम्हाला चार दिवसांनी समजलं.

एम.एस्सी. आमच्यापैकी कोणीच केली नाही. मैत्रिणीच्या घरी आईचं आजारपण होतं, ती चिचगडला परत गेली. तिथेच लग्न झालं, आता अंगणवाडीत मदतनीस आहे. मी प्रवेशाचा अर्ज भरला होता, आणि त्याच वेळी वनरक्षकाची भरती निघाली. धावण्यात माझा नंबर लागला. सरकारी नोकरी हातात आल्यावर कोणाच्याही घरी दुसरा विचार होत नाही, आमच्याही झाला नाही. मॅडमना मी फोन केला नाही. घरातून कोणी नाही म्हणालंच नव्हतं, मीच हो म्हणून मोकळी झाले होते.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने गोंदियाला गेले होते. काही कागदांच्या प्रती हव्या होत्या. कॉलेजांच्या रस्त्यावर एका दुकानात शिरले तर काउंटरमागे मॅडम. केस कपाळावर पांढरे झालेले, चष्मा नवा. दुकानाची मोठी वाढ झाली होती, टायपिंग, बाइंडिंग, सगळं. त्यांनी आधी माझ्या वर्दीकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"अगं, तू?"

मी काउंटरच्या वरूनच त्यांचा हात धरला. त्यांनी शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. मुलगी शाळेत गेली होती. सासूबाई आता नव्हत्या. नवरा जवळच्या नागरा गावी कोणाच्या तरी कार्यक्रमाला गेला होता. मैत्रिणीची चौकशी झाली. सरांचं मी सांगितलं, ते त्यांना ठाऊक होतं.

"एम.एस्सी.?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही पुन्हा कुठे अर्ज केलात?"

"केले की. बरीच वर्षं केले. एका ठिकाणी तर सगळं ठरलं होतं, मग त्यांनी जे मागितलं ते आमच्याकडे नव्हतं." त्या चहाचा कप फिरवत होत्या. "आता सोडलं. लोक विचारतात, एवढं शिकून दुकानात कशाला. मी म्हणते, दुकान आमचं आहे. इथून कोणी काढत नाही."

तेवढ्यात एक कॉलेजची पोरगी आली. तिला प्रोजेक्ट बाइंड करून हवा होता. हल्ली सगळ्यांनाच प्रोजेक्ट करावा लागतो म्हणे. मॅडमनी पानं हातात घेतली, कडा जुळवता जुळवता त्यांची नजर मजकुरावर गेली. एक पान उलटलं, मग दुसरं. शेती की माती असा काहीसा विषय होता.

"ये तूने खुद किया?" त्यांनी विचारलं.

पोरगी घाबरली. "मतलब... नेट से लिया, मॅडम. सब वही करते हैं."

"गाइड कौन है?"

तिने एक नाव सांगितलं. "सर को टाइम नहीं रहता."

मॅडमनी पानांना भोकं पाडली, स्प्रिंग घातली, पुढे-मागे प्लास्टिक लावलं. काम सफाईचं होतं. पोरगी निघून गेली. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी रिकामे कप उचलून टपरीवर देऊन आले.

"तुझी बस किती वाजता?" मॅडम म्हणाल्या.

"आहे अजून वेळ."

"मग बस ना जरा."

मी बसले. गिऱ्हाइकं येत-जात होती. तलावाचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. निघताना पाया पडले तर त्यांनी मला उठवून जवळ घेतलं, माझ्या वर्दीच्या खांद्यावरची धूळ झटकली, आणि "येत जा" म्हणाल्या.

घरी पोचल्यावर मैत्रिणीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी लहान पोर रडत होतं.

"बऱ्या दिसून राहिल्या ना?" तिने विचारलं.

"हो. तब्येत चांगली आहे."

"पोरगी कितवीत हाय?"

"ते विचारायचंच राहिलं."

"विचाराचं होतं ना वो," ती म्हणाली.

मग ती त्या रडणाऱ्या पोराला उगी करू लागली. मी ऐकत राहिले. फोन मात्र दोघींनीही लगेच ठेवला नाही.